१९१२ चं 'इम्पिरियल' युफोनियम: माझे ६४,३५० गेले, तुमचे वाचवा

जाहिरात बघून युफोनियम (बॅण्डमधलं मोठं पितळी फुंकवाद्य) घ्यायला गेलो आणि फसलो. डोकं अजून फिरलेलंच आहे, म्हणून सरळ आकडाच सांगतो. टोकन ५,०००, उरलेले ५७,५००, ट्रान्सपोर्टचे १,८५०. एकूण ६४,३५० रुपये, सगळे यूपीआयनं. "अजून दोन गिऱ्हाईकं लाईनीत आहेत", डीपीला फौजी वर्दीतला फोटो, विकणाऱ्याची ही नाटकं तुम्हाला माहितीच आहेत.

जाहिरात होती बूसी अँड हॉक्स या इंग्लंडच्या वाद्य कंपनीच्या इम्पिरियल युफोनियमची, "१९१२ चं, गोऱ्या पलटणीच्या बॅण्डमधलं". बेलवर, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडावर, दोन्ही नावं कोरलेली. आता बूसी वेगळी कंपनी, हॉक्स वेगळी, दोन्ही एक झाल्या १९३० ला. मग १९१२ च्या वाद्यावर जोडनाव आलं कुठनं? हे मला माहीत होतं हो, काकांचं बॅण्ड पथक आहे, लहानपणापासनं पितळातच वाढलोय! पण वाटलं साल विकणाऱ्यानं अंदाजे ठोकलं असेल, नंतरचं असलं तरी इम्पिरियल ते इम्पिरियल, ते वरचं मॉडेल, रीजंटसारखं शिकाऊ पोरांचं नाही. माझ्या जागी कुणीही असाच विचार केला असता.

पण मागची बाजू! चार पिस्टनचं (सूर बदलायला बोटानं दाबायच्या खुंट्या) इम्पिरियल कॉम्पेन्सेटिंग असतं, म्हणजे चौथा दाबला की हवा परत पहिल्या तिघांतनं फिरते, त्यासाठी पिस्टनच्या मागं जादा छोट्या नळ्या लागतात. बूसी कंपनीतल्या ब्लेकलीनं १८७४ ला याचं पेटंट घेतलं. फोटो सगळे समोरनं. मी म्हटलं, मागनं एक टाका, तर म्हणे "पॅकिंग झालंय साहेब, टेप मारली". टेप काढायला काय कोर्टाची ऑर्डर लागते? तिथंच फोन ठेवायचा होता. मी काय केलं, "बरं बरं" म्हणून ५७,५०० सोडले. रात्री झोपताना ते "बरं बरं" अजून कानात वाजतं.

खोकं फोडलं तर मागं एकही जादा नळी नाही, वाद्यावरचा कारखान्याचा नंबर हातानं खरवडलेला, डाख ताजा. ओळखीच्या बॅण्ड मास्तरांनी हातात घेऊनच सांगितलं, मेरठचं आहे, दहा हजारसुद्धा जास्त. मेरठच्या मालाला मी नावं ठेवत नाही, निम्म्या देशाच्या वराती त्याच्यावरच निघतात, पण मेरठचं मेरठचं म्हणून विका ना!

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला (हो, तोच आकडा, हसा), तक्रारीचा नंबर मिळाला. मग चौकी. साहेब बंदोबस्ताला. साहेब जेवायला. साहेब आले तर म्हणतात, "पिपाणीला एवढे पैसे कोण देतं?" वर म्हणे वस्तू तर मिळाली ना, मग फसवणूक कसली, दिवाणी मॅटर आहे, वकील बघा. बनावट नाव कोरून विकलंय म्हणून ओरडून सांगितलं तर मलाच ओरिजिनलचं बिल मागितलं! बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा, ते दिलं तर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं.

पिस्टनच्या मागचा फोटो आणि नंबरचा जवळनं फोटो आल्याशिवाय रुपया सोडू नका. व्हिडिओ कॉलवर चारही पिस्टन दाबून वाजवायला लावा. टाळाटाळ केली की ब्लॉक.

मला त्यानं ब्लॉक केलंय, पण भावाच्या फोनवर जाहिरात दिसते. फोटो तेच, किंमत ५५,०००, आणि साल आता १९०५ झालंय.