अल्कोहोल तपासायचंय: मांडीतलं रक्त पाठवावं की डोळ्यातलं विट्रियस?

ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेले डॉक्टर शवविच्छेदनाच्या नमुन्यांबद्दल मला हे वरचेवर विचारतात. हृदयातलं रक्त मी आधीच बाजूला काढतो. पोटात शिल्लक असलेली दारू मृत्यूनंतर शेजारी झिरपते आणि आकडा फुगतो. खरी निवड उरते ती मांडीतल्या फिमोरल शिरेचं रक्त आणि विट्रियस, म्हणजे डोळ्याच्या गोलात भरलेला जेलीसारखा द्रव, यांच्यात.

रक्ताची बाजू भक्कम आहे, कारण कायद्याची मोजपट्टीच रक्ताची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी आहे. विट्रियसच्या आकड्याला साधारण १.२ ने भागून रक्तातल्या प्रमाणाचा अंदाज काढतात खरा, पण हे गुणोत्तर माणसागणिक बरंच बदलतं आणि उलटतपासणीत वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. मृत्यू ताजा असेल, शवागाराचं कूलिंग नीट चालू असेल, तर शीर वरच्या बाजूने बांधून घेतलेलं फिमोरल रक्त मला पूर्ण मान्य आहे.

माझं मन फिरलं ते उन्हाळ्यातल्या केसेसमुळे. मे महिन्यात दीड-दोन दिवस शेतात पडून राहिलेला मृतदेह येतो. शीर जवळजवळ रिकामी असते आणि जे थोडं हाती लागतं, त्यात जिवाणू नि यीस्ट यांनी साखरेपासून अल्कोहोल बनवायला केव्हाच सुरुवात केलेली असते. दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड घातलं तरी ते फक्त पुढची निर्मिती रोखतं. आधी तयार झालेलं अल्कोहोल तसंच राहतं. मग सीए (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे सरकारी रासायनिक प्रयोगशाळेच्या) रिपोर्टमध्ये ४० किंवा ६० असा आकडा येतो. माणूस प्यायला होता, की हे मेल्यावर तयार झालं? एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. कुजताना एन-प्रोपेनॉल हे वेगळं अल्कोहोलही तयार होऊ शकतं, ते सापडलं तर संशयाला आधार मिळतो. पण ज्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी (अल्कोहोल मोजण्याच्या यंत्रचाचणीसाठी) एन-प्रोपेनॉलच इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात, नमुन्यात घालतात, तिथे हाही धागा निसटतो. विमा कंपनी मात्र त्या आकड्यावर दावा अडवते, आणि घरचे येऊन सांगतात की माणूस माळकरी होता, दारूला शिवतही नव्हता. अशा वेळी त्यांना देण्यासारखं उत्तर हातात नसणं मला फार लागतं.

विट्रियस हे उत्तर बऱ्याचदा देतं. डोळ्याचा गोल बंदिस्त असतो, आतड्यातल्या जिवाणूंपासून दूर असतो. रक्तात अल्कोहोल आहे आणि विट्रियसमध्ये काहीच नाही, तर ते कुजण्यातूनच आलं असावं, असं मी बऱ्यापैकी ठामपणे लिहितो. प्यायल्या प्यायल्या लगेच मृत्यू आला असेल तर गोष्ट वेगळी, कारण विट्रियस रक्ताच्या तासा-दोन तास मागे असतं. याच कारणाने दोन्ही नमुने असले, की मृत्यूच्या वेळी अल्कोहोल चढत होतं की उतरत होतं, याचाही अदमास लागतो.

त्याच्याही अडचणी आहेत. एका डोळ्यातून जेमतेम दोन-अडीच मिलिलिटर मिळतं. फार उशीर झाला तर डोळे खोल जातात नि काहीच हाती लागत नाही. पाण्यात बराच काळ राहिलेल्या मृतदेहात ते पातळ झालेलं असू शकतं. घाईने ओढलं तर रेटिनाचे तुकडे येतात, म्हणून बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घालून सावकाश ओढावं आणि तेवढंच सलाइन भरावं. डोळा बसलेला दिसला तर नातेवाइकांना ते बघवत नाही.

जमेल तिथे दोन्ही पाठवा, हे तर आहेच. एकावरच भिस्त ठेवायची झाली, तर ताज्या, थंड ठेवलेल्या मृतदेहात कदाचित रक्त. पण आपल्याकडचं ऊन, अंतरं आणि तालुक्याच्या शवागारांची अवस्था बघता माझा कल विट्रियसकडे आहे. त्यातही फ्लोराइड घालाच, दोन डोळ्यांच्या ट्यूब वेगळ्या ठेवा, आणि मृतदेह कितपत कुजला होता ते फॉर्मवर सविस्तर लिहा, कारण रिपोर्ट देणाऱ्याने तो पाहिलेला नसतो.