डोंबिवलीच्या भाड्याच्या घरापायी ६३,३५० रुपये गेले

६३,३५० रुपये. कापूस विकून आलेल्या पैशांतले. डोंबिवलीच्या एका घराच्या नावाखाली एका भामट्याने माझ्याकडून काढून घेतले. मुलामुलींना मुंबईकडे नोकरी लागलीय आणि इथे खान्देशात बसून फोनवर घर शोधताय, अशा प्रत्येक आईबापासाठी हे लिहितोय. लिहायला लाज वाटते. थोरल्या भावाला सांगितलं तेव्हा तो "शिकलासवरलेला माणूस तू" एवढंच म्हणाला, ते अजून टोचतं. पण मी गप्प बसलो तर त्या माणसाचंच फावणार.

मी फौजी आहे, बदली झालीय, घर भाड्याने द्यायचंय असं सांगायचं, आणि मग पास, टोकन, डिपॉझिट असं एकेक करून उकळायचं. हा प्रकार तुम्ही वाचला असेल. मीही वाचला होता. तरी पैसे गेले. त्यामुळे "अडाणी असतील" म्हणून हे बाजूला सारू नका.

मुलगी जळगावला इंजिनिअर झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या एका कंपनीत नेमणूक मिळाली, हातात पगार सत्तावीस हजार. हजर व्हायला मुदत थोडी. ऐरोलीतच एक रूम-किचन विचारलं तर भाडं वीस हजारांच्या वर सांगत होते. ठाण्यात तीच गत. बदलापूर, टिटवाळा स्वस्त, पण ऐरोलीला जायचं म्हणजे आधी मध्य रेल्वेने ठाणे आणि तिथे उतरून ट्रान्स हार्बरची लोकल. बदलापूर ते ठाणेच पाऊण तास, तेही ऐन गर्दीत. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातली माणसं खाली पडून मेली, ती बातमी आमच्या घरात सगळ्यांनी पाहिली होती. तिची आई म्हणाली, भाडं दोन हजार जास्त गेलं तरी चालेल, पोरीला दारात लटकावं लागेल असं घर नको.

मग राहिलं कल्याण आणि डोंबिवली. आमच्या बाजूच्या बऱ्याच गाड्या कल्याणला थांबतात. पाचोऱ्याला रात्री बसलं की पहाटे कल्याण, हा आम्हाला मोठा आधार. पण कसारा-कर्जतकडून येणाऱ्या लोकल कल्याणला भरूनच येतात. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांत बसायला जागा मिळते, आणि ठाणे वीस-पंचवीस मिनिटांवर. घर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं हवं, नाहीतर शेअर रिक्षाची रांग आणि रोजचे पैसे. भाडं, रेल्वेचा पास, डबा असं सगळं वहीत मांडून ठरवलं: डोंबिवली पश्चिम, चौदा हजारांपर्यंत. हे गणित चुकलं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

त्या भामट्याने नेमकं हेच गणित आमच्यापुढे ठेवलं. घरांच्या एका ॲपवर जाहिरात होती: एक बीएचके, स्टेशनपासून सात मिनिटं, १४,०००, नोकरी करणाऱ्या मुलींना प्राधान्य. मालकाचा नंबर बघायला ॲपने ९९९ रुपये घेतले, ते वरच्या रकमेत धरलेले नाहीत. फोन उचलल्यावर त्याने भाड्याचं काही बोलायच्या आधी विचारलं, "ताईचं ऑफिस कुठे?" ऐरोली म्हटल्यावर डोंबिवलीहून सुटणारी लोकल, ठाण्याला कोणत्या पुलावरून जायचं, महिला डबा कुठे येतो, सगळं सांगितलं. एवढी माहिती देणारा माणूस तिथे राहत नसेल असं कुणाच्या मनात येईल? आता कळतं की अशी माहिती गोळा करणं हाच त्याचा धंदा. ऑफिस कुठे आहे हे समोरच्याला आधी सांगू नका. घर कुठे आहे, पिन कोड काय, इमारतीच्या शेजारी काय आहे, हे आधी त्याला सांगू द्या.

मग गाव विचारलं. जळगाव जिल्हा म्हटल्यावर गडी आमच्या खान्देशी बोलीवर, अहिराणीवर आला. "आबा, आपण तं एकच मुलूखना. मी बी चोपडाना शे. मन्ही बहीन समजा तिले." म्हणजे आपण एकाच मुलखातले, मीही तुमच्याच जिल्ह्यातल्या चोपड्याचा, तिला माझी बहीण समजा. घराबाहेर, परमुलखात आपली बोली कानावर पडली की माणूस सैल होतो. मीही झालो. पुढे म्हणाला, सुट्टीवर आलो की चोपडा स्टेशनला उतरायचं, घरी जायचं आणि आधी भरीत-भाकरी मागायची.

चोपडा स्टेशन. चोपड्याला रेल्वेच नाही! अमळनेरला, धरणगावला नाहीतर जळगावला उतरायचं आणि तापी ओलांडून एसटीने चोपडा गाठायचं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मी ते ऐकलं. कानाला खटकलं, हे नक्की आठवतं, कारण मी खाटेवरून उठून उभा राहिलो होतो आणि "कोणतं स्टेशन?" हा शब्द ओठावर आला होता. तेवढ्यात तो मुलीच्या सुरक्षिततेबद्दल बोलायला लागला, इमारतीला कॅमेरे आहेत, शेजारी शिक्षिका राहतात, आणि माझा प्रश्न राहून गेला. मनाशी म्हटलं, एसटी स्टँड म्हणायचं असेल, वर्षानुवर्षं बाहेर राहिलेला माणूस आहे. ते एक वाक्य रात्री झोपू देत नाही. तो प्रश्न विचारला असता तर कापसाचे पैसे घरात असते. आपल्या गावचा म्हणणाऱ्याला गावाचं बारीक विचारा: कोणत्या गल्लीत, कोणत्या शाळेत, स्टँडच्या समोर काय आहे. भरीत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

पैसे असे गेले. घर बघायला यायचं तर फौजी कोट्याच्या सोसायटीचा गेट पास, २,५०० रुपये, परत मिळणारे. दुसरे लोक बघून जातायत म्हणून टोकन, एक महिन्याचं भाडं १४,०००. तीन महिन्यांचं डिपॉझिट ४२,०००. करार, मुद्रांक आणि पोलीस पडताळणी मिळून ४,८५०. बेरीज करून पाहा, ६३,३५०.

पैसे पाठवताना यूपीआयवर भलत्याच राज्यातल्या बाईचं नाव दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, बायकोच्या नावाचं खातं आहे, सर्व्हिसमध्ये असल्यावर असंच ठेवावं लागतं. त्याने पाठवलेलं ओळखपत्र, गणवेशातला फोटो, आधार, वीजबिल या सगळ्यांवर एकच नाव होतं आणि खात्यावर दुसरंच. माझं म्हणणं असं की चार कागद एकमेकांशी जुळत असताना पाचव्यावर कुणी अडत नाही. पण पैसे पाचव्यातूनच जातात. खात्याचं नाव आणि वीजबिलाचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही सोडू नका. बिलावरचा ग्राहक क्रमांक बिल भरायच्या कोणत्याही ॲपवर टाका, खरं नाव समोर येतं. हे मला नंतर मुलीच्या मैत्रिणीने करून दाखवलं. क्रमांक दुसऱ्याच कुणाचा होता, वरचं नाव तेवढं बदललेलं.

घर बघायला पास लागतो असं म्हणणारा शंभर टक्के चोर. आणि कराराचं ऐका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स म्हणजे घरभाड्याचा करार नोंदवावाच लागतो, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीला मालक आणि भाडेकरू दोघांचे अंगठे लागतात. मला त्याने शिक्का असलेला "नोंदवलेला" करार व्हॉट्सॲपवर पाठवला, ना माझा अंगठा, ना मुलीचा. खर्चही बघा: मुद्रांक शुल्क साधारण एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी १,०००. चौदा हजारांच्या घराला अकरा महिन्यांसाठी सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. त्याने ४,८५० घेतले.

शेवटी त्याने सांगितलं की डिपॉझिट खात्यात अडकलंय, तेवढीच रक्कम पुन्हा पाठवा, दोन्ही एकदम परत येतील. तेव्हा मी थांबलो. पण मुलगी आणि मी त्याच रात्रीच्या गाडीत होतो, तिकिटं आधीच काढलेली. पहाटे कल्याणला उतरून डोंबिवली गाठली. पत्ता खरा निघाला, इमारतही खरी. वॉचमनने वर नेलं. दार एका म्हाताऱ्या आजींनी उघडलं. त्या तिथे कित्येक वर्षं राहतात. त्यांनी आम्हाला चहा पाजला. मुलीने कळण्याच्या पिठाचा डबा आणि गादीचं गाठोडं जिन्यातच ठेवलं होतं, आणि येणारेजाणारे बघत होते.

आता खरा संताप. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. हे करा, आणि लगेच करा, पहिल्या तासांत पैसे गोठवता येतात. माझे तोवर तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते. ३,११८ रुपये तेवढे गोठले. डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, पैसे तुमच्या गावाहून गेले, गुन्हा तिकडे. गावाकडे आलो तर म्हणाले, घर तिकडचं, गुन्हा तिकडे. मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं. हद्द कुठलीही असो, खबर नोंदवून घ्यावी लागते, १ जुलै २०२४ पासून कायदा आहे. हवालदार म्हणाला, "आम्हाला कायदा शिकवता का?" गुन्ह्याऐवजी साधा तक्रार अर्ज घेतला आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. तो शिक्का बघून मला बरं वाटलं होतं. अर्जाच्या शिक्क्यावर समाधान मानू नका, एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. देत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा, त्यापुढे न्यायदंडाधिकारी आहेत. मी तो कागद पाठवलाय. उत्तर नाही.

बँकेत साहेब म्हणाले, पिन तुम्ही स्वतः टाकला, आमचा काय संबंध. तीन दिवसांत कळवलं तर बँक पैसे भरून देते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला तर तो तुमच्या संमतीशिवाय गेलेल्या पैशांना आहे म्हणे. बरं, माझी संमती होती. पण ज्याच्या खात्यात गेले त्याला खातं कुणी उघडून दिलं? मला पीककर्ज काढायचं तर सातबारा, आठ-अ, नो ड्यूज, आधार, पॅन, दोन जामीनदार आणि पुन्हा वरून केवायसी अपुरी म्हणून खातं बंद. दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन त्यावर लाखो रुपये फिरवणाऱ्याची केवायसी पूर्ण! त्याला सिम कार्ड कुणी दिलं? या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नाही. गोठलेले ३,११८ परत हवेत तर कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा मला सांगितलं. वकिलाची फी त्याहून जास्त. आणि ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त जाहिरात दाखवतो. मग ९९९ कशाचे घेतले?

नातेवाईक विचारतात, कल्याणला साडूचा मुलगा आहे ना, त्याला का नाही पाठवलं? त्याची नोकरी रात्रपाळीची, उगाच त्रास कशाला, असं वाटलं, आणि हे वाटणं गैर आहे असं मला नाही वाटत. पण तुम्ही द्या त्रास. कल्याण-डोंबिवलीत आपल्या खान्देशातलं कुणी ना कुणी असतंच. एक रिक्षाभाडं देऊन त्याला सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पाठवा. सेक्रेटरीला मालक माहीत असतो.

मुलगी सध्या ठाकुर्लीला तिघींसोबत राहते, माणशी ५,५००, करार नोंदवलेला, अंगठा तिचा स्वतःचा.

ती जाहिरात अजून चालू आहे, फक्त आता भाग ठाणे पश्चिम आणि भाडं १६,०००. फोटो तेच आहेत. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्याच्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. हॉलमध्ये मोराच्या नक्षीचा हिरवा पडदा, आणि खिडकीच्या काचेत फोटो काढणाऱ्याच्या मोबाइलचा फ्लॅश. बोलणारा माणूस स्वतःला नाशिकचा, साताऱ्याचा, कुठलाही सांगेल. हे फोटो दिसले तर फोन ठेवा आणि १९३० वर त्याचा नंबर कळवा.