डोनट कटर: आठ महिने वापरल्यावर

दिवाळी संपता संपता घेतला. स्टीलचा, दोन कड्यांचा, वर मूठ. बाहेरची कडी आठ सेंटीमीटर, आतली अडीच. घरचे म्हणाले, "वाटी आणि बाटलीचं झाकण होतं की!" मुद्दा बिनतोड होता. हॅन्सन ग्रेगरी नावाचा अमेरिकी खलाशी म्हातारपणी सांगायचा, की 1847 साली डोनटला पहिलं भोक त्यानंच पाडलं, तेही जहाजावरच्या मिरपुडीच्या डबीच्या झाकणानं. पण मला वाटी-झाकणानं भोक कधी मधोमध जमलं नाही. एकीकडे बांगडी, एकीकडे उशी. बांगडी करपायची, उशी आत कच्ची.

कटरनं ते दुखणं गेलं. आजवर वीसेक वेळा पीठ भिजवलं असेल. सुरुवातीला मी कटर दाबून पिळायचो, त्यानं कडा चिकटायच्या आणि डोनट फुगायचाच नाही. सरळ दाबा, सरळ उचला, दर वेळी मैद्यात बुडवून घ्या. तेल 175 ते 180 अंशांवर ठेवा. त्याहून गार असलं तर डोनट तेल पितो. सगळं जमलं की तळलेल्या डोनटच्या कमरेला पांढरा पट्टा येतो. आत हवा भरपूर असल्यानं तो तेलावर तरंगतो आणि मधला भाग बुडतच नाही. हा पट्टा बघून छापून आलेल्या लेखापेक्षा जास्त आनंद होतो (संपादकांना कळवू नये).

लिहायला बसतो तेही पीठ फुगेपर्यंतच. पुण्यात मे महिन्यात पाऊण तासात फुगतं, डिसेंबरात दोन तास घेतं. माझे हिवाळ्यातले लेख लांबलेत ते त्यामुळे.

तक्रारी आहेत. मूठ जोडलीय तिथे पीठ अडकतं, जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही. पाचव्या महिन्यापासून मूठ हलतेय. एकदा ओला ठेवला तर जोडावर तांबूस डाग आले, आणि डब्यावर म्हणे 'स्टेनलेस'! पुढचा घेताना एकाच पत्र्यातून वळवलेल्या मुठीचा बघेन.

पाचपैकी चार. खरं तर साडेतीनच देणार होतो, पण अर्धा गुण मधल्या गोळ्यांचा. तेल तापलंय का ते बघायला एक टाकायचा असतो. मी सगळेच टाकून बघतो. ताटात बारा डोनट जातात, बारा गोळ्यांचं कुणी विचारत नाही.