बनावट हरीण: नर ठेवावा की मादी?

अमेरिकेत धनुष्यबाणाने व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाची शिकार करणारे खऱ्या नराला जवळ ओढायला हरणाचा पुतळा मांडतात, आणि नोव्हेंबरच्या तोंडावर त्यांच्यापुढे हा प्रश्न येतोच. माझं मत नराच्या बाजूने आहे, पण फक्त माजाच्या आधीच्या दिवसांत. तेव्हा मोठे नर वर्चस्वासाठी इरेला पेटलेले असतात. कान मागे पाडून, मानेवरचे केस फुलवून ते बनावट नराला बहुधा समोरून भिडायला येतात. म्हणून त्याचं तोंड मचाणाकडे ठेवायचं आणि अंतर साधारण २० यार्ड. आलेला नर मग शिकाऱ्याकडे पाठ किंवा बरगडी देतो. शिंगं मात्र मध्यमच लावा, भल्यामोठ्या शिंगांना कोवळे नर बिचकतात.

बनावट मादी ऐन माजात उपयोगी पडते. नर तिच्या मागून येतो, म्हणून तिचं तोंड मचाणापासून दूर. अडचण खऱ्या माद्यांची: त्या टक लावून बघतात, पुढचा पाय आपटतात, फुरफुरतात आणि सगळं रान सावध होतं.

दोन्हींत पुतळ्याला माणसाचा वास लागू देऊ नका, रबरी हातमोजे हवेतच. आणि पुतळा नेताना त्यावर भगवं कापड टाकाच, दुसऱ्या शिकाऱ्याला तो खरा वाटू शकतो.