कर्टियस लावताना टोल्युइन की टर्ट-ब्युटेनॉल?

कर्टियस म्हणजे कार्बोक्सिलिक आम्लापासून ॲसिल अझाइड आणि आयसोसायनेटमार्गे अमाइन बनवणारी अभिक्रिया. आम्ल आहे, त्याचं अझाइड करणारं डीपीपीए (डायफेनिल फॉस्फोरिल अझाइड) आहे, आम्लारी म्हणून ट्रायएथिलअमाइन आहे. प्रश्न उरतो द्रावकाचा. सोलापुरात आमच्या प्रयोगशाळेत मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

ॲसिल अझाइडमधून नायट्रोजन सुटतो आणि गट कार्बनवरून नायट्रोजनवर सरकतो, त्या पायरीला द्रावकाशी फारसं देणंघेणं नसतं. सरकणाऱ्या गटाची त्रिमितीय रचनाही तशीच टिकते. फरक पडतो तो आयसोसायनेट तयार झाल्यावर. टोल्युइन त्याला हात लावत नाही. टर्ट-ब्युटेनॉल त्याच्याशी जोडलं जाऊन थेट बॉक-अमाइन (टर्ट-ब्युटॉक्सीकार्बोनिल या संरक्षक गटाने झाकलेलं अमाइन) देतं. अमाइडपासून सुरू होणाऱ्या हॉफमन अभिक्रियेतही असंच: पाण्यात अमाइन मिळतं, मिथेनॉलमध्ये मिथाइल कार्बामेट.

एकाच फ्लास्कमध्ये बॉक मिळतो, ही टर्ट-ब्युटेनॉलची मोठी सोय. ग्रॅम-दोन ग्रॅमचं काम असेल तर त्यात गैर काहीच नाही.

पण ते 25 अंशांच्या आसपास गोठतं. मे महिन्यात इथे बाटली छान ओतता येते; डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी आत नुसता पांढरा दगड. मग ती कोमट पाण्यात ठेवा, बूच सैल करा, वितळायची वाट बघा. तेवढ्यात ओलावा आत शिरतो. पाणी आयसोसायनेटला भेटलं की कार्बन डायऑक्साइड निघून अमाइन बनतं, आणि ते लगेच दुसऱ्या आयसोसायनेटला धरतं. टर्ट-ब्युटेनॉल अवजड, त्यामुळे सावकाश. या शर्यतीत ते मागेच पडतं. हाती येतो सममित युरिया: धड कशात विरघळत नाही, फिल्टर तुंबवतो, कॉलमच्या तोंडाशी बसतो. पाण्याचा एक रेणू आयसोसायनेटचे दोन रेणू खातो, हे मला फार लागतं. आधीच्या सगळ्या पायऱ्यांचा माल असतो तो.

टोल्युइनमध्ये आम्ल घालून थोडं टोल्युइन ऊर्ध्वपातनाने काढलं की पाणीही सोबत जातं. मग डीपीपीए. बुडबुडे थांबले, आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) 2140 सेमी⁻¹ जवळची अझाइडची रेघ गेली आणि 2270 जवळची आयसोसायनेटची उभी राहिली, की पुढचं आपल्या हातात: बेंझिल अल्कोहोल घातलं तर सीबीझेड (बॉकसारखाच दुसरा संरक्षक गट), दुसरं अमाइन घातलं तर हवा तो युरिया. बॉकच हवा असेल तर टर्ट-ब्युटेनॉलमध्ये थोडं टोल्युइन मिसळून मॉलिक्युलर सिव्हवर (पाणी शोषणाऱ्या मण्यांवर) ठेवा. मिश्रण सहसा गोठत नाही. त्यालाही रात्रभर गरम ठेवावं लागतं, आणि टोल्युइन रोटाव्हॅपवर (द्रावक उडवण्याच्या यंत्रावर) उडायला वेळ घेतं, हे खरं.

तुमचं आम्ल वेगळं असेल तर अनुभवही वेगळा येईल कदाचित. सुरुवात मात्र टोल्युइनने करा. तापमान हळूहळू चढवा, वायूला वाट मोकळी ठेवा आणि ॲसिल अझाइड आटवून कोरडं करू नका.