आरसी बग्गी, परभणीचा मुरूम आणि शॉकअपचं ऑइल

माझ्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, 1/10 मापाच्या फोर व्हील ड्राइव्ह बग्गीने आता उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही बघितले. मोटर-बॅटरीबद्दल काही म्हणणं नाही. आमच्याकडची पोरं गाडी हातात आली की आधी मोटरच बदलायला निघतात, म्हणून शॉकअपबद्दल लिहितोय.

खोक्यातून निघाली तेव्हा स्प्रिंग कडक आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडी कलू न देणारी सळई) पुढे-मागे दोन्हीकडे. सपाट ट्रॅकवर चालेल. प्लॉटिंगच्या मुरमाड माळावर मात्र ती तापल्या तव्यावरच्या थेंबासारखी नाचायची. बार काढून टाकले. आता एक चाक खड्यावर चढलं तरी शेजारचं जमीन सोडत नाही. स्प्रिंग एका नंबरने मऊ घेतली. मागचा टो-इन (चाकांची तोंडं आत वळलेली असण्याचा कोन) 3 अंशच ठेवलाय, कमी केला की थ्रॉटल देताच शेपूट फिरते.

खरा फरक पडला ऑइलने. थंडीत 350 सेंटिस्टोक (ऑइलच्या दाटपणाचं माप) पुरतं. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की तेच पातळ पडतं आणि उडी मारली की चासी जमिनीवर आपटते, तेव्हा 450. बाटलीवरच्या ‘वेट’ आकड्यावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. सेंटिस्टोक बघा. भरताना पिस्टन अगदी सावकाश वर-खाली करायचा, बुडबुडे निघेपर्यंत शॉकअप उभा ठेवायचा, मगच झाकण. घाई केली तर हवा आत राहते आणि दांडा दाबताना चुळुक-चुळुक आवाज येतो. मग पुन्हा खोला.

काळ्या रानाचं गणित वेगळं. पावसानंतर लगेच घातली तर चिखल चाकांना असा गच्च बसतो की चाक धरणारा आर्म सुद्धा हलत नाही. वापसा येऊ द्या. वापशावर पकड इतकी मिळते की वळणावर गाडी सरळ उलटते! त्यासाठी राइड हाइट, म्हणजे चासीची जमिनीपासूनची उंची, चार-पाच मिलिमीटर खाली, स्प्रिंग परत कडक, पुढचा एक बार लावलेला. माळावरचा सेटअप तिथे चालत नाही, मधला मार्गही मला सापडलेला नाही.

कटकट एकच, फुफाटा. दांड्यावर तेलात कालवलेली काळी पेस्ट जमते आणि ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) खाते. दर वेळी कोरड्या फडक्याने पुसतो, तरी मागचे शॉकअप पाझरतातच. ओ-रिंगचा जादा सेट बग्गीसोबतच मागवा, सुट्टा मागवला तर कुरिअरचाच खर्च जास्त होतो.