खाजण एक, नगरपालिका अनेक: विक्रीकर, मालमत्तेवरचा ठोक कर की मैलापाण्याची पट्टी?

प्रदूषित जलाशयाच्या काठावर एकाहून अधिक नगरपालिका असल्या, की शुद्धीकरणाचा पैसा कोणी आणि कसा उभा करायचा यावर वाद होतो आणि तो बहुधा कराच्या दरापाशी अडकतो. अर्धा टक्का जास्त की कमी, घरटी वर्षाला किती पडणार, गरिबाला किती झळ बसणार, हे प्रश्न रास्तच आहेत. मात्र अमेरिकेतील तीन वेगवेगळ्या व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर जमलेला पैसा कोणत्या नियमाने वाटायचा हे कलम दराहून अधिक निर्णायक ठरते, असे माझे मत झाले आहे. या तीन व्यवस्था म्हणजे फ्लोरिडातील ब्रेवर्ड काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर, सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या नऊ काउंट्यांचा मालमत्तेवरील ठोक कर आणि चेसापीक उपसागरासाठी मेरीलँड राज्याने लावलेली मैलापाण्याची पट्टी. ब्रेवर्डच्या कराची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते आणि मतदारांच्या संमतीशिवाय तो पुढे चालू ठेवता येत नाही. त्यामुळे तिथे राहणाऱ्यांना ही तुलना थेट उपयोगी पडेल, आणि अशीच योजना आपल्या भागात मांडू पाहणाऱ्यांनाही.

ब्रेवर्ड: अर्धा टक्का आणि एकच तिजोरी

इंडियन रिव्हर लगून हे नावाला नदी असले तरी प्रत्यक्षात फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याला समांतर पसरलेले सुमारे २५० किलोमीटर लांबीचे खाजण आहे आणि त्याचे जवळपास ७० टक्के क्षेत्र एकट्या ब्रेवर्ड काउंटीत मोडते. समुद्राशी त्याचा संबंध मोजक्याच मुखांतून येतो. केप कॅनव्हेरलच्या आसपासच्या उत्तर भागात भरती-ओहोटीने पाणी फारसे बदलत नाही, त्यामुळे आत आलेले नत्र आणि स्फुरद तिथेच मुक्काम ठोकतात. सेप्टिक टँकांतून झिरपणारा मैला, हिरवळीवर टाकलेले खत आणि पावसाबरोबर वाहून येणारा पालापाचोळा यांवर शेवाळ माजते, ते मरून तळाशी बसते आणि त्यातून काळा, लोण्यासारखा मऊ गाळ तयार होतो. स्थानिक लोक त्याला ‘काळे मेयोनीज’ म्हणतात. २०११ मध्ये शेवाळाचा अभूतपूर्व उद्रेक झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत खाजणातील निम्म्याहून अधिक समुद्री गवत नष्ट झाले. मार्च २०१६ मध्ये मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगू लागला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी ६२ टक्क्यांहून अधिक मतांनी दहा वर्षांसाठी अर्ध्या टक्क्याचा जादा विक्रीकर स्वतःवर लावून घेतला. मेलेल्या माशांचा वास घराघरांत पोहोचला नसता, तर हा कौल इतका स्पष्ट लागला असता का, याविषयी मला शंका आहे.

या कराची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. फ्लोरिडाचा मूळ विक्रीकर ६ टक्के असून शाळांसाठीचा अर्धा टक्का आणि खाजणासाठीचा अर्धा टक्का धरून ब्रेवर्डमध्ये तो ७ टक्के होतो. घरी शिजवायच्या अन्नपदार्थांवर हा कर नाही. शिवाय कोणत्याही एका वस्तूच्या पहिल्या ५,००० डॉलरांवरच जादा कर बसतो, म्हणजे कोणी ३०,००० डॉलरांची मोटार घेतली तरी खाजणाच्या वाट्याला त्यातून २५ डॉलरच येतात. याचा अर्थ मोठ्या खरेदीला सवलत आहे आणि रोजच्या किरकोळ खरेदीला ती नाही. विक्रीकर गरिबावर तुलनेने जड पडतो या आक्षेपाला अन्नावरील सूट काही अंशी उत्तर देते, ही मर्यादा मात्र त्याला पुन्हा बळ देते.

तरीही या काउंटीला विक्रीकरच सोयीचा होता. कोको बीचवर येणारे पर्यटक, पोर्ट कॅनव्हेरलहून क्रूझ पकडणारे प्रवासी आणि रॉकेटचे उड्डाण पाहायला जमणारी गर्दी यांची तिथे मालमत्ता नसते, पण त्यांचे सांडपाणी तिथेच राहते. हॉटेलच्या बिलावर आणि दुकानातल्या खरेदीवर त्यांच्याकडूनही वाटा वसूल होतो. दुसरे कारण असे, की केनेडी अवकाश केंद्र आणि त्याला लागून असलेले अभयारण्य ही संघराज्याची जमीन आहे आणि तिच्यावर स्थानिक मालमत्ता कर बसत नाही. खाजणाच्या काठचा एवढा मोठा पट्टा करातून बाहेर असताना सगळा भार घरमालकांवर टाकणे न्याय्य दिसले नसते.

आता वाटपाचा मुद्दा. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार असा पायाभूत सुविधांचा विक्रीकर काउंटी आणि नगरपालिका यांच्यात करार करून वाटता येतो, आणि करार नसेल तर लोकसंख्येवर आधारलेले ठरीव सूत्र लागू होते. ब्रेवर्डमध्ये १६ नगरपालिका आहेत. प्रत्येकीने लोकसंख्येप्रमाणे आपला वाटा उचलला असता, तर पैशाची खिरापत झाली असती. ज्या गावाच्या हद्दीत गाळ नाही त्याच्याकडे निधी पडून राहिला असता आणि ज्याच्या दारात खाडीभर गाळ आहे त्याला तो पुरला नसता. त्याऐवजी सगळा पैसा एकाच न्यासनिधीत जमा होतो. नगरपालिका आपापले प्रकल्प घेऊन येतात आणि दर पौंड नत्र अडवायला किती खर्च येतो, या हिशेबावर त्यांना अनुदान मिळते. सात विषयांच्या तज्ज्ञ नागरिकांची देखरेख समिती दरवर्षी आराखडा तपासून शिफारस करते. तिच्या नेमणुकांत काउंटी आणि नगरपालिकांचा संघ या दोघांचाही हात असतो, तर शेवटची मंजुरी काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाची असते. एखादी छोटी नगरपालिका पावसाळी पाण्याच्या गटारावर गाळणी बसवणार असेल आणि शेजारची मोठी नगरपालिका शेकडो घरे सेप्टिक टँकवरून भुयारी गटाराला जोडणार असेल, तर दोघींची तुलना एकाच मापाने होते. ते माप परिपूर्ण नाही, कारण एका पौंड नत्राचा परिणाम बंदिस्त कालव्यात वेगळा आणि उघड्या पाण्यात वेगळा असतो. तरीही त्यामुळे ‘आमच्या वाट्याचे काय’ हा नगरपालिकांच्या बैठकीतला नेहमीचा सूर बराच खाली येतो.

सुरुवातीचा अंदाज वर्षाला सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरांचा, म्हणजे दहा वर्षांत ३४ कोटींचा होता, आणि प्रत्यक्ष वसुली त्याच्या पुढे गेली. खर्चाविषयी मात्र टीकाकारांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. मूळ आराखड्यात सुमारे दोन तृतीयांश रक्कम गाळ काढण्यासाठी राखली होती. गाळ काढणे म्हणजे नुसता उपसा नव्हे. त्याच्याबरोबर वर येणारे पाणी नत्र-स्फुरदाने भरलेले असते आणि ते पुन्हा खाजणात सोडण्याआधी त्यावर प्रक्रिया करावी लागते, त्यामुळे खर्च चढत जातो. मैला येतच राहिला तर उपसलेल्या जागी नवा गाळ बसणार, हा आक्षेप खरा आहे, आणि पुढच्या वार्षिक सुधारणांत सांडपाण्याच्या कामांचा वाटा वाढत गेला. २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे १,१०० मॅनाटी, म्हणजे समुद्री गवतावर जगणारे मोठे जलचर सस्तन प्राणी, मेले. गवत संपल्याने उपासमार झालेल्या या प्राण्यांना पुढच्या हिवाळ्यात वीजकेंद्राजवळच्या उबदार पाण्यात लेट्यूसची पाने खाऊ घालावी लागली. कर लागू होऊन चार वर्षे झाली असताना हे घडले म्हणून कर फुकट गेला, असे काही जण म्हणतात. मला ते घाईचे वाटते, कारण अनेक दशके साचलेले प्रदूषण चार वर्षांत निघत नसते. तथापि आपण जेवढा वेळ लागेल म्हणून सांगितले त्याहून अधिक लागणार, हे योजनाकारांनी मतदारांना आधीच सांगायला हवे होते.

सॅन फ्रान्सिस्को: बारा डॉलर, नऊ काउंट्या

त्याच २०१६ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या नऊ काउंट्यांनी एकत्र मतदान करून प्रत्येक मालमत्तेवर वर्षाला १२ डॉलर असा ठोक कर वीस वर्षांसाठी मंजूर केला. त्यातून वर्षाला सुमारे २ कोटी ५० लाख डॉलर मिळतात आणि पैसा मुख्यतः किनाऱ्यावरची पाणथळ जागा आणि जुनी मिठागरे पूर्ववत करण्यासाठी जातो. लागणारी दोन तृतीयांश मते नऊही काउंट्यांची मोजणी एकत्र करून धरली होती, आणि सुमारे ७० टक्के मते पडली.

वसुलीच्या दृष्टीने ही पद्धत फार सुटसुटीत आहे. मालमत्ता कराच्या बिलातच रक्कम येते, मंदीने ती घटत नाही आणि पुढच्या वीस वर्षांचे अंदाजपत्रक आजच मांडता येते. तिचे दोन दोषही तितकेच उघड आहेत. छोट्या बंगल्याच्या मालकाला १२ डॉलर आणि बलाढ्य तंत्रज्ञान कंपनीच्या भूखंडालाही १२ डॉलर, हे न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसवणे अवघड आहे. शिवाय महागाई वाढली तरी रक्कम तेवढीच राहते, त्यामुळे विसाव्या वर्षी त्या १२ डॉलरांत आजच्याइतके काम होणार नाही. विक्रीकर निदान किमतींबरोबर वाढतो.

वाटपात मात्र या लोकांनी मधला मार्ग काढला आहे. निम्मा निधी उपसागराच्या चार विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात राखून ठेवलेला असतो आणि उरलेला निम्मा कोणत्याही विभागातील चांगल्या प्रकल्पाला देता येतो. शुद्ध गुणवत्तेवर वाटप केले असते तर दूरच्या काउंट्यांनी मते दिली नसती, आणि शुद्ध लोकसंख्येवर केले असते तर मोठी कामे उभी राहिली नसती. ज्या ठिकाणी नगरपालिकांचा किंवा जिल्ह्यांचा परस्परांवर विश्वास कमी आहे, तिथे हा निम्मा-निम्मा तोडगा ब्रेवर्डच्या नियमापेक्षा सहज पचेल. एका बाबतीत तो ब्रेवर्डच्या पुढेही आहे: उपसागराला वेढणाऱ्या सगळ्या काउंट्या त्यात आहेत, तर इंडियन रिव्हर लगूनच्या काठच्या इतर काउंट्या ब्रेवर्डच्या तिजोरीत नाहीत.

मेरीलँड: प्रत्येक घरामागे पट्टी

मेरीलँडने २००४ मध्ये वेगळा रस्ता धरला. मैलापाणी सोडणाऱ्या प्रत्येक घराकडून महिन्याला अडीच डॉलर घ्यायचे ठरले आणि २०१२ मध्ये बहुतेकांसाठी ही पट्टी दुप्पट, म्हणजे वर्षाला ६० डॉलर झाली. लोकांनी तिला ‘फ्लश टॅक्स’ असे नाव दिले. राज्यातील ६७ मोठी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे सुधारून सोडलेल्या पाण्यातील नत्राचे प्रमाण लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणणे, हे तिचे मुख्य उद्दिष्ट. सेप्टिक टँकवाल्यांकडून येणाऱ्या रकमेपैकी ६० टक्के सेप्टिक टँक सुधारण्याला आणि ४० टक्के हिवाळ्यात शेतात आच्छादन पिके (जमिनीत उरलेले नत्र धरून ठेवणारी पिके) घेणाऱ्या शेतकऱ्यांना जाते. इथे वाटपाचा वादच जवळजवळ उरत नाही, कारण यादी ठरलेली आहे आणि पैसा राज्य गोळा करते. जो घाण करतो तो भरतो, हे तत्त्वही या पद्धतीत सर्वांत स्पष्ट आहे. ज्या जलाशयाचे दुखणे प्रामुख्याने मोजक्या मोठ्या केंद्रांतून येते, तिथे मी याच पद्धतीची शिफारस करीन. जिथे दुखणे हजारो घरांत, हिरवळींत आणि तळाच्या गाळात विखुरलेले आहे, तिथे ठरलेली यादी अपुरी पडते.

आपल्याकडचा संबंध

महाराष्ट्रातील वाचकाला पुण्याची आठवण होणे साहजिक आहे. पवना नदी पिंपरी-चिंचवडमधून वाहत येऊन दापोडीजवळ मुळेला मिळते आणि पुढे मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीत उतरते, म्हणजे एका महापालिकेने कितीही केंद्रे उभारली तरी शेजारची स्वस्थ बसली तर नदीला फरक पडत नाही. पुण्याच्या नदी सुधारणेसाठी जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झालेली ९९० कोटी रुपयांची योजना जपानच्या कर्जावर उभी असून तिचा ८५ टक्के भार केंद्राने उचलला आहे. ब्रेवर्डसारखा विक्रीकर आपल्या महापालिकांना लावताच येणार नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता महापालिका राज्याकडून नुकसानभरपाई घेतात. त्यामुळे आपल्यासाठी कराचा प्रकार नव्हे, तर दोन महापालिकांनी एका तिजोरीतून, एका मापाने खर्च करण्याचा नियम उचलण्याजोगा आहे, मग पैसा मालमत्ता करातून येवो की सांडपाणी पट्टीतून.

मत देण्याआधी

ब्रेवर्डच्या मतदाराने कर पुढे चालू ठेवावा, असे माझे मत आहे, पण दोन अटींवर. नव्या मुदतीत सांडपाण्याच्या कामांना गाळापेक्षा वरचे स्थान आराखड्यातच लिहून घ्यावे आणि वाटपाचे माप दर पौंड नत्राचेच ठेवावे. निवडणूक जवळ आली, की प्रत्येक नगरपालिकेला ठरावीक टक्का देण्याची मागणी पुढे येणे स्वाभाविक असते आणि ती मान्य करणे राजकीयदृष्ट्या सोपे असते. सॅन फ्रान्सिस्कोप्रमाणे निम्मा वाटा सोडणे भाग पडले तर तिथवर जावे, त्याच्या पलीकडे नको.

एक गोष्ट प्रचारात सहसा येत नाही. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे हा पैसा मुख्यतः किमान पाच वर्षे टिकणाऱ्या भांडवली कामांवरच खर्च करता येतो. नवी गटारवाहिनी विक्रीकरातून टाकता येते, पण तिच्यावरचा पंप चालवणारा माणूस, विजेचे बिल आणि पुढच्या दुरुस्त्या नगरपालिकेच्या सांडपाणी दरातूनच भागवाव्या लागतात. म्हणून अर्ध्या टक्क्यावर मत देण्याआधी आपल्या नगरपालिकेने पुढील काही वर्षांसाठी मांडलेले सांडपाण्याचे दर पाहून घ्यावेत. ते वाढवायला तिथले नगरसेवक तयार नसतील, तर नव्या कराने बांधलेले केंद्रही नीट चालणार नाही.